सांगली-साताऱ्याकडचे निवासी डॉक्टर सांगतात: ही सीट का घेतली?

नीट-पीजीचा, म्हणजे एमबीबीएसनंतरच्या पदव्युत्तर शिक्षणाच्या (पीजी) प्रवेश परीक्षेचा निकाल लागला की वॉर्डातले इंटर्न एकच विचारायला लागतात: दादा, ब्रँच बघू की कॉलेज? मागच्या वर्षीचे कटऑफ सगळ्यांच्या मोबाईलमध्ये असतात. पण रात्री दोन वाजता पेशंट बिघडला तर दुसऱ्या वर्षाच्या रेसिडेंटच्या, म्हणजे पीजी करणाऱ्या निवासी डॉक्टरच्या मदतीला कोण येतं, हे कुठल्याच यादीत नसतं. ते तिथं राबणाऱ्यालाच ठाऊक. म्हणून आपल्या भागात पीजी करणाऱ्या, केलेल्या आणि सोडलेल्या सगळ्यांना विनंती केली की तुम्ही कोण, कुठले, आणि ही सीट का घेतली ते लिहा. नावं घातलेली नाहीत, पेशंटच्या ओळखी बदलल्या आहेत.

बाहेरून येणाऱ्यांसाठी थोडी माहिती. डॉ. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ साली मिरजेत मिशन हॉस्पिटल उभारलं, तेव्हापासून उपचारांसाठी मिरज गाठायची सवय या भागाला आणि शेजारच्या कर्नाटकालाही आहे. १९६२ मध्ये इथं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आलं. मिरजेचं शासकीय रुग्णालय आणि सांगलीचं पद्मभूषण वसंतदादा पाटील रुग्णालय, म्हणजे आपलं सिव्हिल, ही दोन्ही त्याच्याशी जोडलेली. कराडला कृष्णा मेडिकल कॉलेज १९८४ पासून, सांगलीत भारती विद्यापीठाचं मेडिकल कॉलेज २००५ पासून. साताऱ्याचं शासकीय कॉलेज सगळ्यात नवं, २०२१ चं.

माझ्यापासून सुरुवात करतो. मी मिरजेत भूलशास्त्राच्या तिसऱ्या वर्षाला आहे. एमबीबीएसनंतरच्या सक्तीच्या सरकारी सेवेच्या, म्हणजे बाँडच्या वर्षात ग्रामीण रुग्णालयात होतो. तिथं सर्जन होते, थिएटर होतं, भूलतज्ज्ञ मात्र बाहेरून बोलवावा लागायचा. तो आला नाही की सिझरची बाई १०८ मध्ये बसवून पुढं पाठवायची. ते बघून मी ठरवलं. सर्जरी मिळत असताना भूल घेतली म्हणून घरी बरेच दिवस नाराजी होती.

जनरल मेडिसिन, दुसरं वर्ष. गाव जत तालुक्यात.

आमच्याकडं साप चावला की आधी देवळात नेतात, मग दवाखान्यात. माझ्या चुलत्यांना तसंच नेलं होतं. तेव्हा मी सातवीत होतो. एवढंच कारण पुरे होतं म्हटलं तरी चालेल, पण मेडिसिनच का आणि इथंच का, ते इंटर्नशिपमध्ये ठरलं.

ऊसतोडीच्या टोळीतला एक पोरगा पहाटे कॅज्युअल्टीत आला. रात्री कोपीत, म्हणजे टोळीच्या झोपडीत, जमिनीवर झोपला होता. तक्रार एकच, "पोटात लई दुखतंय." चावल्याची खूण नाही, सूज नाही. सोबतचे म्हणत होते की शिळं खाल्लं असंल. रजिस्ट्रार मॅडमनी त्याला नुसतं "वर बघ रे" म्हटलं. त्यानं बघायचा प्रयत्न केला, पण पापण्या अर्ध्यावरच थांबल्या. मॅडम म्हणाल्या, "मण्यार आहे. ट्यूबचं सामान काढा." तासाभरात त्याचा श्वास कमी पडायला लागला आणि तोवर तो व्हेंटिलेटरवर होता. मण्यारीचा दंश बऱ्याचदा दुखत नाही, खूणही दिसत नाही. विष मज्जातंतूंच्या टोकाशी बसतं, छातीचे स्नायू काम सोडतात. अँटीव्हेनम, म्हणजे विषावरचं औषध, दिलं तरी बसलेलं विष लगेच सुटत नाही, माणसाला श्वास देत थांबावं लागतं. पोरगा काही दिवसांनी चालत घरी गेला.

घोणशीचं वेगळं. तिथं रक्त गोठणं बंद पडतं. त्याची तपासणी इतकी साधी आहे की प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात व्हायला पाहिजे: काचेच्या स्वच्छ, कोरड्या नळीत दोन मिली रक्त घ्यायचं, २० मिनिटं अजिबात हलवायचं नाही, मग नळी हळूच तिरकी करायची. रक्त वाहिलं तर अँटीव्हेनम सुरू. नळी साबणानं धुतलेली असली तर निकाल फसतो, म्हणून आमचे वॉर्डातले मामा नव्या नळ्या वेगळ्या डब्यात जपून ठेवतात. आणि पोराला डोस मोठ्या माणसाइतकाच, कारण सापानं विष सोडताना वय बघितलेलं नसतं. हे मला प्रोफेसरांच्या आधी एका सिस्टरनी शिकवलं.

पुण्यात मला मेडिसिन मिळत होतं. मी पसंतीच्या यादीत मिरज वर टाकलं. माझ्या गावाकडून येणारा आजार जिथं रोज बघायला मिळतो, तिथंच तो शिकायचा होता.

स्त्रीरोग व प्रसूतिशास्त्र, तिसरं वर्ष. मूळची नागपूरची.

मी सीट घेण्याआधी सहा-सात कॉलेजांतल्या सीनिअर ताईंना फोन केले. प्रश्न एकच ठेवला: दुसऱ्या वर्षाला सिझर स्वतःच्या हातानं करायला मिळतं का, आणि समोर मॅडम उभ्या असतात का? दोन्हीचं उत्तर "हो" असेल तरच पुढं बोलायचं. हातात चाकू देऊन निघून जाणारे सीनिअर मला नको होते, आणि तीन वर्षं नुसतं रिट्रॅक्टर (जखम उघडी ठेवायचं हत्यार) धरायलाही यायचं नव्हतं. इथल्या ताईनं दोन्हीला हो म्हटलं, वर सांगितलं, "कानडी शिकायची तयारी ठेव."

ते खरं निघालं. अथणी, कागवाड, रायबाग या बाजूच्या बाया लेबर रूममध्ये येतात तेव्हा अर्ध्यांना मराठी समजत नाही, आणि कळा सुरू असताना दुभाषी शोधायला वेळ नसतो. आमच्या मावशींनी मला "नोवु" म्हणजे दुखणं इथपासून सुरुवात करून दिली. आता नाव, दिवस किती, पाणी गेलं का, बाळ हलतंय का, एवढं मी कानडीत विचारते. एका आजींनी माझं कानडी ऐकून सुनेला सांगितलं की ही आपलीच आहे, घाबरू नको. माझ्या तीन वर्षांतलं सगळ्यात मोठं शाबासकीपत्र तेच.

रक्तक्षय फार दिसतो. हिमोग्लोबिन सहा असलेली बाई नववा महिना भरत आल्यावर पहिल्यांदा दवाखान्यात येते. तिला प्रसूतीनंतर थोडंही जास्त रक्त गेलं तर झेपत नाही. त्यामुळं आमच्याकडं पहिल्या वर्षापासून रक्तपेढीशी नीट बोलायची सवय लावतात. रक्ताची सोय आधी करून ठेवणं हे ऑपरेशनइतकंच महत्त्वाचं असतं, हे मला इथं कळलं.

पॅथॉलॉजी, पहिलं वर्ष. कोल्हापूर.

नवरा-बायको दोघेही पीजी करत असाल तर एका शहरात सीट मिळवणं हाच पहिला निकष होतो, आमचाही तोच होता. तिला बालरोग मिळालं, मी त्याच गावात जे मिळेल ते घेतलं. पॅथॉलॉजी आता मनापासून आवडते.

कम्युनिटी मेडिसिन, दुसरं वर्ष. पलूस तालुक्यातलं कृष्णाकाठचं गाव.

"पीएसएम घेतलंस? रँक कमी आला का?" पीएसएम हे कम्युनिटी मेडिसिनचंच दुसरं नाव. हे मी इतक्यांदा ऐकलंय की इथं स्पष्ट लिहिते: माझ्या यादीत हे पहिल्या नंबरला होतं.

ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. तिथं धोक्याची पातळी ४५ फूट आहे. मी तेव्हा एमबीबीएसला होते, सुट्टीत घरी आले होते. आमचं घर पाण्यात, जनावरं माळावर, आम्ही शाळेत. पूर बातम्यांत दिसतो तो पाणी चढताना. खरं काम पाणी उतरल्यावर सुरू होतं. विहिरी गढूळ, गोठ्यात मेलेली जनावरं, गुडघाभर चिखल, आणि त्या चिखलात लोक अनवाणी घरं धूत असतात. लेप्टोचा, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस या तापाचा जंतू उंदरा-जनावरांच्या लघवीतून त्या पाण्यात येतो आणि पायाच्या भेगांतून शिरतो. एक डॉक्टर मॅडम आमच्या शाळेत आल्या. त्यांच्याकडं स्टेथोस्कोप नव्हता, डॉक्सीसायक्लिनच्या गोळ्या आणि क्लोरीन तपासायचा छोटा डबा होता. आठवड्यातून एकदा २०० मिलिग्रॅम, जेवणानंतर, भरपूर पाण्याबरोबर, असं त्या चिखलात उतरणाऱ्या प्रत्येकाला समोर उभं करून समजावत होत्या. लहान मुलं आणि गरोदर बाया बाजूला काढून त्यांना वेगळं सांगत होत्या. मग टाकीच्या नळाचं पाणी नळीत घेऊन त्यात ओटीचे, म्हणजे क्लोरीन तपासायच्या औषधाचे थेंब टाकले. पाणी पिवळं झालं नाही. त्यांनी ग्रामसेवकांना तिथंच बोलावून टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर कालवायला लावली आणि पिवळा रंग येईपर्यंत हलल्या नाहीत.

आमच्या गावात त्या वर्षी काय झालं नाही, याचं श्रेय कुणी त्यांना दिलं नाही. न झालेल्या आजाराचा पेशंट नसतो. २०२१ ला पुन्हा पूर आला तेव्हा मी इंटर्न होते आणि तोच डबा माझ्या हातात होता. पुढं काय करायचं हा प्रश्न मला त्यानंतर पडला नाही.

डीएनबी, ऑर्थोपेडिक्स. सांगलीतलं खाजगी रुग्णालय.

डीएनबी म्हणजे एमडी-एमएससारखीच, पण रुग्णालयात राहून करायची पदवी. शासकीय एमएसची सीट हुकली, खाजगी कॉलेजची फी वडिलांना जमीन विकूनच भरता आली असती. ते मी होऊ दिलं नाही. डीएनबी म्हणजे काहीतरी दुय्यम, असं सांगणारे भेटतील. परीक्षा सगळ्या देशाला एकच असते आणि पेपर सोपे नसतात. अडचण दुसरी आहे. पेशंट पैसे भरून सरांच्या नावावर येतो, त्यामुळं पूर्ण ऑपरेशन स्वतःच्या हातून व्हायला वेळ लागतो. आमचे सर प्लॅन आधी आमच्याकडून कागदावर काढून घेतात, कुठला स्क्रू, कुठल्या कोनात, सगळं, आणि थिएटरमध्ये तो प्लॅन चुकला की तिथंच थांबवून विचारतात. असे सर असतील तर डीएनबी जरूर घ्या. कडबाकुट्टीत सापडलेले हात इतके येतात की हँड सर्जरीकडं ओढ लागली आहे.

आधी सर्जरी, आता मानसोपचार. जिल्हा सातारा, कॉलेजांची नावं लिहीत नाही.

मी पहिल्या वर्षाच्या मध्यावर सर्जरी सोडली. सलग दीड-दोन दिवसांच्या ड्युट्या, बसायला वेळ नाही, अंघोळ नाही, आणि राऊंडला पेशंटसमोर आई-वडिलांवरून बोलणं. वजन उतरलं, झोप गेली. दोन महिने मी घरी काही सांगितलं नाही, पण आईनं फोनवर आवाज ओळखला आणि दुसऱ्या दिवशी एसटीनं हॉस्टेलवर आली. सीट सोडायची तर दंड होता. वडिलांनी तो कर्ज काढून भरला.

नियम नाहीत असं नाही. १९९२ च्या केंद्राच्या रेसिडेन्सी योजनेत साधारणपणे सलग १२ तासांच्या वर काम नको असं आहे. २०२३ च्या पीजी नियमावलीत विश्रांती आणि आठवड्याची एक सुट्टी आहे. ते पाळलं जातं का, हे युनिटवर, म्हणजे विभागातल्या ज्या डॉक्टरांच्या गटात काम करायचं त्यावर ठरतं. म्हणून नव्या मुलांनी कॉलेज विचारू नये, युनिट विचारावं. मागच्या तीन वर्षांत कुणी सोडून गेलं का, आणि गेलं तर का, हे विचारा. समोरचा गप्प झाला तर त्यातून समजून घ्या.

आता जिथं आहे तिथं मॅडम पहिल्याच दिवशी म्हणाल्या की ड्युटी संपली की जायचं, उरलेलं काम पुढचा घेईल. मला तिथंच रडू आलं. मानसोपचार मी दुसरा पर्याय म्हणून घेतलेला नाही. त्या दिवसांत मला ज्याची गरज होती आणि जे मिळालं नाही, ते दुसऱ्याला मिळावं म्हणून घेतलं.

बालरोग, इन-सर्व्हिस, म्हणजे सरकारी नोकरीत असताना पीजी. पाटण तालुक्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात बरीच वर्षं वैद्यकीय अधिकारी.

माझ्या बॅचची मुलं माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान आहेत. मला सर म्हणतात आणि रात्री सलाईनची सुई लावायलाही शिकवतात, कारण एक किलोच्या बाळाची शीर मी पूर्वी कधी शोधली नव्हती.

कोयनेच्या वरच्या वाड्यांतून आमच्याकडं प्रसूतीला बाया यायच्या. बाळ कमी दिवसांचं झालं की कराड गाठायचं. पावसाळ्यात घाटातून ॲम्ब्युलन्स हळू जाते, दार उघडलं की गार वारा. बाळ पोचायचं, पण थंड पडलेलं आणि साखर उतरलेली. माझ्या हाताखालून अशी गेलेली दोन बाळं मी विसरलेलो नाही. इथं आल्यावर पहिल्या आठवड्यात मॅडमनी हाताच्या पालथ्या बाजूनं तपासायला शिकवलं: आधी बाळाचं पोट, मग तळपाय. पोट गरम आणि पाय गार म्हणजे बाळ थंडीशी झगडतंय, अजून वेळ आहे. दोन्ही गार म्हणजे उशीर होतोय. थर्मामीटर नसला तरी चालतं. बाळ आईच्या उघड्या छातीशी धरून वरून पांघरूण घातलं तर घाटातही ऊब टिकते. मी हे आमच्या केंद्रातल्या सिस्टर, आशाताई आणि १०८ च्या ड्रायव्हरदादांना फोनवर सांगितलं. ते आता करतात.

मी बालरोग त्या रस्त्यासाठी घेतलं. संपलं की परत तिकडंच जाणार आहे, सरकारी बाँड नसता तरी गेलो असतो.

एका इंटर्नचा प्रश्न, तासगाव: घराजवळची सीट घ्यावी की लांब जावं? घरचे म्हणतात जवळच राहा.

मेडिसिन, जत: जवळ घे. डबा येतो, आणि वडील आजारी पडले तर तासाभरात पोचता येतं. मला दोन्ही उपयोगी पडलं.

स्त्रीरोग, नागपूर: मी लांब आले म्हणून शिकले. घराजवळ असते तर दर सुट्टीला पळाले असते. पण पहिलं वर्ष फार एकटं जातं, तेव्हा रूममेट नीट बघ.