‘स्वॅगर’ला मराठीत काय म्हणाल?

फोंडेकर: जत्रेच्या नाटकासाठी एका इंग्रजी एकांकिकेचं रूपांतर करतोय. सावकाराचा मुलगा ‘स्वॅगर’ करत येतो, असं कंसात आहे. मी ‘रुबाबात येतो’ लिहिलं. आमचा खलनायक म्हणतो, रुबाब राजाचा, माझा कसला? शब्द सुचवा.

साखळीची मावशी: ऐटीत.

म्हापसेकर: ऐटीत बसताही येतं, मावशी. स्वॅगरमध्ये खांदे हलायला हवेत. मुळात ‘स्वॅग’ म्हणजे झुलणं. ‘पॅट’चं ‘पॅटर’ तसं ‘स्वॅग’चं ‘स्वॅगर’ झालं असं मानतात.

डिचोलकर: कशाला! सरळ संस्कृत आहे. स्वगर्व. इंग्रजांना शेवटचा ‘व’ झेपला नाही.

म्हापसेकर: अशानं बटाटासुद्धा संस्कृत निघेल, भाई.

मास्तर: शेक्सपिअरच्या ‘अ मिडसमर नाइट्स ड्रीम’मध्ये आहे हा शब्द. नाटक १५९५-९६च्या सुमाराचं. त्यातला खोडकर भूत पक तो वापरतो कोणासाठी? रानात नाटकाची तालीम करणाऱ्या सुतार-विणकरांसाठी. म्हणजे फोंडेकर, तुमच्याच मंडळींसाठी! ‘हेन्री चौथा’च्या दुसऱ्या भागात मात्र खानावळवाली स्वॅगर करणाऱ्यांना आत घ्यायला तयार नसते. तिथे अर्थ दांडगाईचा. आता पोरं ‘काय स्वॅग आहे’ म्हणतात ते कौतुकानं. सावकाराच्या मुलाला जुना अर्थ शोभेल. ‘गुर्मीत’ लिहा.

साखळीची मावशी: गुर्मी तोंडातही असते. चाल म्हटली की मला मामा आठवतो. बोटीवर नोकरीला होता. रजेवर आला की कडक इस्त्रीची पँट घालून, टाच आपटत, काखेत दोन कलिंगडं धरल्यासारखे हात लांब ठेवून पायवाट उतरायचा. आजी म्हणायची, ‘पळय, भाटकार चलता!’ म्हणजे बघ, जमीनदार चाललाय. स्वतःची जमीन हातभर नव्हती.

भाषाप्रेमी: कोकणी, इंग्रजी, अरबी सगळं झालं. आता मराठी बोला. ‘सगर्व पदन्यास’.

फोंडेकर: पदन्यास वाचला तर आमचा नट नाचायला लागेल.

म्हापसेकर: मिजास अरबी, दिमाख अरबी. हे काढून टाकल्यावर मराठी माणसानं काय मान खाली घालून चालायचं?

भाषाप्रेमी: ‘डौल’ आहे की.

साखळीची मावशी: डौल चांगला असतो हो. खलनायकाला डौल दिला तर बायका त्याच्याच बाजूने होतील.

डिचोलकर: शब्द सोडा, आपल्या गोव्याच्या शिगम्याला, म्हणजे शिमग्याला, घोडेमोडणीचा नाच दाखवा त्याला. कमरेला लाकडी घोडा, हातात तलवार. तो खरा स्वॅगर.

साखळीची मावशी: घोड्याचा की स्वाराचा?

डिचोलकर: पायांची जोडी एकच असते, मावशी.

मास्तर: असं कसं? चांगला नाचणारा कमरेखाली घोडा असतो आणि वर सत्तरीचा लढवय्या राणे. पाय उधळले तरी मान हलत नाही.

फोंडेकर: अहो, कंसात काय लिहू? मंगळवारी संहिता झेरॉक्सला जायचीय.

डिचोलकर: मास्तर, मान हलत नाही? तुम्ही पाहिलीत ती डिचोलीची की सत्तरीतली?