पॉप-अप कॅम्परला थंडीसाठी आतून अस्तर कसे लावावे? मदत हवी आहे

नमस्कार. तापमान शून्याखाली गेले की आमच्या पॉप-अप कॅम्परमधील (छत वर उचलून उघडायच्या, घडी होणाऱ्या फिरत्या घरातील) ऊब कॅनव्हासच्या भिंतींतून आणि बाहेर काढलेल्या पलंगांच्या तळातून झपाट्याने निघून जाते. आतून बबल-फॉइलचे (हवेचे बुडबुडे असलेल्या प्लास्टिकवर चकचकीत थर दिलेल्या पत्र्यांचे) पडदे लावण्याचा विचार आहे. परंतु फॉइलसमोर हवेची पोकळी असेल तरच ते उष्णता नीट परावर्तित करते, आणि ते कापडाला चिकटले तर श्वासातील बाष्प मागे साचून बुरशी धरेल, याची मला खरोखर काळजी वाटते. हीटर गॅसचा आहे, त्यामुळे कार्बन मोनॉक्साइडचा धोका लक्षात घेता हवेची वाट मी पूर्ण बंद करणार नाही. पडदे कापडापासून किती अंतरावर आणि कशाने अडकवावेत, म्हणजे छत खाली घेण्यापूर्वी ते सहज काढता येतील? पलंगाखाली फोमचा थर पुरेसा ठरेल का? अनुभवी सदस्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.