शाळा विकून म्हातारे सांभाळायचे? परवाच्या पोस्टला उत्तर

भायखळ्याची
परवा इथे अष्टागर यांनी आपल्या ज्यू समाजाच्या माझगावच्या शाळेबद्दल लिहिलं: "आपल्या शाळेत आता आपलीच मुलं शोधावी लागतात. माझगावची जागा परक्यांच्या पोरांसाठी कशाला अडवून ठेवायची? विका आणि त्या पैशांत आपल्या म्हाताऱ्यांना पेन्शन द्या." वाचून डोकं उठलं, म्हणून सविस्तर लिहिते.

आपल्याच समाजातल्या केहीमकरांनी १८७५ साली ही शाळा काढली ती बेने इस्रायली, म्हणजे आपल्या मराठी बोलणाऱ्या ज्यू मुलांसाठीच, मान्य. तेव्हा आपले लोक कोकणातले तेलाचे घाणे सोडून मुंबईत आले होते आणि पोरांना चार अक्षरं यावीत एवढीच धडपड होती. मॅट्रिकला १९०५ साली पहिल्या आलेल्या रिबेका रूबेन १९२२ ते १९५० तिथे मुख्याध्यापिका होत्या. दुसऱ्या कुठल्याही शाळेनं त्यांना हसत घेतलं असतं. पुढे बहुतेक समाज इस्रायलला गेला, बाक रिकामे झाले, तिथे शेजारची हिंदू-मुसलमान मुलं बसली. यात परकं कोण?

मी ज्यू ट्रस्टच्याच एका शाळेत शिकवलं. हातगाडीवाल्याची एक मुलगी होती वर्गात. तिची फी माफ झाली, वह्या मिळाल्या, दप्तरसुद्धा. आज ती नर्स आहे आणि आमच्या बिल्डिंगमधल्या दोन ज्यू म्हाताऱ्यांना इन्सुलिन द्यायला रोज तीच येते.

अष्टागर
नर्स झाली, आनंद आहे. माझी मावशी ठाण्यात एका खोलीत अंथरुणाला खिळून आहे. डायपर, औषधं, दिवसाची बाई. एका ट्रस्टकडे मदतीचा अर्ज केला. आधी आपल्या मशिदीचं, म्हणजे सिनेगॉगचं, पत्र मागितलं, मग भाडेपावती, मग उत्पन्नाचा दाखला, मग म्हणे साहेब बदलले, पुन्हा अर्ज करा. तुमच्या हातगाडीवाल्याच्या मुलीला दप्तर मिळालं, माझ्या मावशीला फॉर्म मिळाला. आता सांगा परकं कोण ते.

जुना_भाडेकरू
ही कारकुनाची तक्रार झाली, शाळेची नाही. भायखळ्याला ससूनांच्या, म्हणजे बगदादहून आलेल्या ज्यू व्यापारी घराण्याच्या, शाळांतही आज बहुतेक मुलं मुसलमानच आहेत, म्हणून कोणी त्या विका म्हणत नाही.

अष्टागर
ससूनांचं नाव माझ्यासमोर घेऊ नका. याच बगदादी मंडळींनी १८३६ साली दफनभूमीत आपल्या आणि त्यांच्या कबरींमध्ये भिंत मागितली होती. मेल्यावरही शेजार नको होता आमचा.

भायखळ्याची
तेच तर म्हणते. ज्यांना ती भिंत बोचली, त्यांनीच आता शाळेभोवती भिंत घालायची?

रविवारचा_वर्ग
शाळा राहू दे, पण ती आपल्या मुलांना पुरत नाही. आमच्या वर्गाला मुलं येतात ती इंग्रजी शाळांतली. मी त्यांना हिब्रू अक्षरं, शब्बाथच्या (शनिवारच्या विश्रांतीच्या दिवसाच्या) प्रार्थना, सण शिकवते. आज पोरं तोरा, आपला धर्मग्रंथ, वाचायला शिकली नाहीत तर उद्या मिन्यानला, म्हणजे सामूहिक प्रार्थनेला, लागणारे दहा जण कुठून आणायचे? कोकणातल्या कितीतरी मशिदी फक्त सणाला उघडतात.

अश्दोदवाली
बाई, रागावू नका, पण तुम्ही मुलांना अर्धंच देताय. इथे इस्रायलमध्ये हिब्रू माझ्या नातवंडांना श्वासासारखी येते. त्यांना येत नाही ते मराठी, आणि आपलं सगळं मराठीत आहे! १८८० पासून आपल्यात कीर्तनं झाली, मोशेची, योसेफाची आख्यानं ओव्यांत गायली. मलिद्याला, म्हणजे नवसाच्या प्रसादाला, पोहे भिजवून गूळ-खोबरं कालवताना माझी सासू एलियाहू हन्नबी या संदेष्ट्याच्या गोष्टी सांगायची त्या मराठीत. आणि हिब्रूनं आम्हाला इथे काय दिलं? १९६२ साली इथल्या मुख्य रब्बींनी, म्हणजे धर्मगुरूंनी, हुकूम काढला की बेने इस्रायलींच्या लग्नाआधी पिढ्यांची चौकशी करा. हिब्रू बोलणाऱ्या आमच्या मुलींची चौकशी! लोक जेरुसलेमात धरणं धरून बसले, तेव्हा कुठे १९६४ साली माघार घेतली.

रविवारचा_वर्ग
अश्दोदला बसून मराठीचा कळवळा सोपा आहे. इथे आठवीतल्या मुलाला बसची मराठी पाटी वाचता येत नाही. त्याला मी ओव्या वाचायला देऊ? आईबाप घरी इंग्रजी बोलतात, त्यांना विचारा ना. मला वर्गासाठी छदामही मिळत नाही, खडू माझे, झेरॉक्स माझी.

जुना_भाडेकरू
अश्दोदवाली बरोबर आहेत. आमच्या रोह्याच्या घरी वल्हांडणाच्या रात्रीचा अख्खा सेदर (जेवणाचा विधी) मराठीत व्हायचा. आता नातू मोबाइलवर अमेरिकन उच्चारात प्रार्थना ऐकतो.

रविवारचा_वर्ग
निदान ऐकतो तरी! तुम्ही त्याला मराठी वाचायला का नाही बसवलंत?

अश्दोदवाली
भांडू नका. कीर्तनाच्या जुन्या वह्यांचे फोटो पाठवते. देवनागरी वाचता येत नसेल तर तोंडपाठ करून घ्या, आम्ही तसंच शिकलो.

रविवारचा_वर्ग
पाठवा. महिन्यातला एक रविवार मराठीला देते, त्याहून जास्त नाही. बार मिट्झ्वाची, म्हणजे तेराव्या वर्षीच्या संस्काराची, दोन मुलं आहेत, त्यांचा वेळ मी कापणार नाही.

भायखळ्याची
मग पहिला धडा शिळ्या सणाचा घ्या. दारफळणीचा, म्हणजे योम किप्पूरचा, उपास सुटला की दुसऱ्या दिवशी आपल्याकडे गरिबांना दान द्यायची रीत. माझी आजी भांडंभर तांदूळ आणि सुटे पैसे घेऊन ओट्यावर बसायची. येणाऱ्याला जात-धर्म विचारलेला मी कधी ऐकला नाही. अष्टागर, तुमच्याही घरी हेच होत असणार.

अष्टागर
होत होतं. आई द्यायची. पण आईनं आधी घरातल्या म्हातारीला जेवू घातलेलं असायचं, आणि मग ओट्यावर बसायची. तो क्रम तुम्ही सगळे विसरता. बरं, शाळा विका हे मी मागे घेतो, कारण २०१६ साली राज्यानं आपल्याला अल्पसंख्याक दर्जा दिला तो चालती संस्था हातात असेल तर जास्त कामाचा. पण जागेच्या उत्पन्नातला ठरावीक वाटा म्हाताऱ्यांसाठी वेगळा काढा, दर महिन्याला, अर्जाशिवाय. यावरून मी हटणार नाही.

भायखळ्याची
अर्जाशिवाय कसं चालेल? उद्या कोणीही हात पसरेल.

अष्टागर
मग घरी येऊन बघा. मावशी दार उघडू शकत नाही, चावी शेजारच्या शेखबाईंकडे असते.

भायखळ्याची
गुरुवारी येते. भाडेपावती आणि डॉक्टरांची चिठ्ठी काढून ठेवा, अर्ज मी तिथेच भरते.