येरवड्यातून सुटका: हातात 12 हजार आहेत, आधी दंड भरावा की जामीन करावा?

धानोरीकर
वस्तीतल्या एका कुटुंबासाठी विचारते आहे. मुलगा येरवडा मध्यवर्ती कारागृहात आहे. जुन्या खटल्यातली तीन वर्षांची शिक्षा पुढच्या महिन्यात पुरी होते. शिवाय दोन दंड आहेत: 10,000 (न भरल्यास चार महिने कैद) आणि 5,000 (न भरल्यास तीन महिने). दुसरा खटला अजून चालू आहे. त्यात 25,000 चा जातमुचलका (स्वतःची लेखी हमी) आणि तेवढ्याच रकमेचा एक जामीनदार, असा आदेश दोन महिन्यांपूर्वी झाला, पण जामीनदार मिळत नाही. आईजवळ सगळे मिळून 12,000 आहेत. कोर्टाच्या आवारात एक जण 10,000 घेऊन जामीनदार उभा करतो म्हणतोय. कच्चा कैदी म्हणून (निकालाआधी) काढलेलं दीड वर्ष दंडाच्या कैदेतून वजा होईल, असंही कुणी सांगितलंय. पैसे आधी कुठे घालावेत?

नक्कलअर्ज
आधी दुसऱ्या खटल्यातला जामीन, मग दंड. दुसऱ्या केसमध्ये तो न्यायालयीन कोठडीत असेल, तर आज सगळा दंड भरला तरी गेट उघडणार नाही. आणि दंडाची कैद तशीही त्याच काळात भोगून होईल, म्हणजे भरलेले पैसे वायाच.

त्या भाड्याच्या जामीनदाराला एक रुपयाही देऊ नका. आपण आणखी किती आरोपींना जामीन आहोत, हे प्रत्येक जामीनदाराला कोर्टात जाहीर करावं लागतं. एकच रेशनकार्ड आणि एकच घरपट्टीची पावती चार खटल्यांत फिरलेली असते. पडताळणीत ते उघड झालं की जामीन जातो, नवा गुन्हा दाखल होऊ शकतो आणि आईचे 10,000 कुणी परत देत नाही.

त्याऐवजी आदेशात बदल मागा. सर्वोच्च न्यायालयाने 31 जानेवारी 2023 ला स्पष्ट सांगितलंय: जामीन मंजूर होऊन महिन्याभरात बंधपत्र दिलं गेलं नाही, तर न्यायालय स्वतःहून प्रकरण घेऊन अट सैल करण्याचा विचार करू शकतं. इथे दोन महिने झालेत. अर्जात दोनच मागण्या ठेवा: जामीनदाराऐवजी वैयक्तिक जातमुचलका, तो मान्य नसेल तर झेपेल एवढी रोख अनामत. आईचा उत्पन्नाचा दाखला आणि आदेशाची नक्कल जोडा. वकिलाला पैसे द्यायची गरज नाही. कोठडीतल्या माणसाला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो (विधी सेवा प्राधिकरण अधिनियम 1987, कलम 12). शिवाजीनगर न्यायालयातल्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा, नाहीतर 15100 ला फोन करा.

रोख भरावी लागली तर नाझरची (कोर्टात पैसे जमा करून घेणाऱ्या कर्मचाऱ्याची) पावती प्लास्टिकमध्ये घालून जपा. खटला संपल्यावर त्या पावतीवरच पैसे परत मिळतात, आणि ही रक्कम बऱ्याच घरांत पावती हरवल्यामुळेच अडकते.

मुळाकाठ
जामिनाचं मार्गी लागल्यावर भरायच्या दंडाबद्दल. दीड वर्ष वजा होतं, पण फक्त मुख्य शिक्षेतून. दंड न भरल्याच्या कैदेला ती वजावट लागू नाही, कलमातच तसं लिहिलंय (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं 428, आता नागरिक सुरक्षा संहितेचं 468). दोन्ही दंडांची कैद एकत्र चालेल असंही धरू नका. 2018 साली महाराष्ट्रातल्याच एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की दंडाच्या कैदा एकामागून एकच भोगाव्या लागतात. म्हणजे त्याच्या डोक्यावर पूर्ण सात महिने आहेत.

आता हिशेब बघा. 5,000 भरले तर तीन महिने वाचतात, दिवसाला साधारण 55 रुपये. 10,000 भरले तर चार महिने, दिवसाला 83. तेव्हा पैसे तुटपुंजे असतील तर 5,000 चा दंड आधी. पावतीवर कलम आणि कुठला दंड ते लिहून घ्या, नाहीतर रक्कम मोघम 'दंडापोटी' जमा होते आणि कारागृहाचा न्याय विभाग मुख्य कोर्टाकडे खुलासा मागत बसतो.

उरलेले 7,000 मोठ्या दंडात घाला. दंड अर्धवट भरला तरी त्या प्रमाणात कैद कमी होते (भारतीय दंड संहितेचं कलम 69, न्याय संहितेत कलम 8). 10,000 पैकी 7,000 भरले की चार महिन्यांच्या तीन दशांश, म्हणजे साधारण 36 दिवस उरतात. हे फार कमी लोकांना माहीत असतं. 'पूर्ण रक्कम नाही' म्हणून घरचे काहीच भरत नाहीत आणि पोरगं महिनोन्महिने आत राहतं, ते बघवत नाही.

हप्त्यांच्या मागे लागू नका. ती सोय ज्याला नुसत्या दंडाची शिक्षा झाली आहे त्याच्यासाठी आहे.

धानोरीकर
खूप मोठी मदत झाली. गरीब कैद्यांसाठी केंद्राची योजना आहे म्हणतात, ती इथे बसते का? आणि कारागृहातल्या कर्जाचं काय?

अनुरक्षण
बसते. 2023 च्या मूळ मार्गदर्शक सूचनांत कच्च्या कैद्याच्या जामिनासाठी 40,000 पर्यंत आणि शिक्षा झालेल्याच्या दंडासाठी 25,000 पर्यंत मदत ठरली होती, सध्याची मर्यादा प्राधिकरणात विचारून घ्या. अमली पदार्थ, भ्रष्टाचार, मनी लाँडरिंग, यूएपीए (बेकायदा कारवाया प्रतिबंधक कायदा) हे गुन्हे वगळलेत. पैसे घरच्यांच्या हातात येत नाहीत, थेट न्यायालयात जमा होतात. निर्णय जिल्हाधिकारी, पोलीस अधिकारी, कारागृह अधीक्षक आणि विधी सेवा प्राधिकरणाचे सचिव असलेली जिल्हा समिती घेते.

अडतं ते सुरुवातीलाच. जामीन होऊन सात दिवसांत माणूस सुटला नाही तर कारागृहाने प्राधिकरणाला कळवायचं असतं. ते कळवलंय का, हे आईने अधीक्षकांच्या नावे लेखी अर्ज देऊन विचारावं आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यावी. दंडाच्या मदतीसाठीही त्याच अर्जात मुलाचं नाव सुचवा. आधारवरचं नाव आणि निकालपत्रातलं नाव जुळत नसेल तर प्रतिज्ञापत्र आत्ताच करून ठेवा. पण समितीची बैठक कधी होईल याचा नेम नाही. जामिनाची अट बदलून घ्यायचा अर्ज त्यासाठी थांबवू नका.

कर्ज म्हणजे राज्य सहकारी बँकेची 'जिव्हाळा' योजना. 2022 ला येरवड्यातूनच सुरू झाली, 50,000 पर्यंत, 7 टक्के व्याजाने. त्याची परतफेड कारागृहातल्या मजुरीतून होते. ज्याचा महिनाच उरलाय त्याला ती उपयोगाची नाही.

सुटताना त्याच्या नावावरची खाजगी रोकड आणि उरलेली मजुरी गेटवर मोजून घ्यायला सांगा, सुटकेच्या दाखल्याचे चार झेरॉक्स काढा. दोन वर्षं व्यवहार नाही म्हणून बँक खातं निष्क्रिय झालं असेल. केवायसी दिली की ते मोफत चालू होतं, आणि 1 एप्रिल 2024 पासून निष्क्रिय खात्यावर किमान शिल्लक नाही म्हणून दंड लावता येत नाही. कापला असेल तर शाखेत लेखी तक्रार द्या. जुन्या खटल्यात गाडी किंवा मोबाइल जप्त असेल तर निकालपत्राच्या शेवटी मुद्देमालाबद्दल काय आदेश आहे ते वाचा. परत द्यायचा आदेश असूनही गाड्या पोलीस ठाण्याच्या आवारात गंजत पडतात, कारण अर्ज घेऊन कुणी गेलेलंच नसतं.