डॅम्परच्या आधी माउंटिंग बघा
दादा, इंजिन डॅम्पर (इंजिन आणि बॉडीच्या मध्ये बसवायचा शॉक ॲब्सॉर्बरसारखा दांडा) लावल्यावर पिकअप वाढतो का, असं तुम्ही विचारलंत. पॉवर अजिबात वाढत नाही. आडवं बसवलेलं इंजिन ॲक्सिलरेटर दाबला-सोडला की रबरी माउंटिंगवर, म्हणजे इंजिनाला बॉडीशी धरून ठेवणाऱ्या आधारांवर, पुढे-मागे डुलतं. ते डुलणं आवरणं एवढंच डॅम्परचं काम. त्यामुळे गाडी लगेच ओढ घेते असं वाटतं, आणि ते खोटंही नाही.

पण आधी माउंटिंग बघा, कळकळीने सांगतो. माझी गाडी चोर्ला घाटात दुसऱ्या गिअरला प्रत्येक वळणावर गचका द्यायची. म्हापशाच्या मेकॅनिकने बॉनेट उघडलं, स्वतः बाजूला उभा राहिला आणि मला ब्रेक घट्ट दाबून क्लच हळूच सोडायला सांगितला. इंजिन चांगलं दोन बोटं उचललं गेलं! खालच्या माउंटिंगचं रबर पार चिरलं होतं. नवीन घातलं, गचका गेला, डॅम्पर घ्यायची वेळच आली नाही.

शिवाय कडक डॅम्परने इंजिनाची थरथर थेट बॉडीत येते. पणजीच्या सिग्नलला एसी लावून उभे राहिलात की स्टिअरिंगवर हाताला कळेल. रोज घरच्यांना घेऊन फिरायचं असेल तर नकोच.