मदत हवी आहे : मोतो हागिओ मूळ जपानीत वाचायच्या आहेत

नमस्कार मंडळी. मी पुण्यात जपानी शिकते, एन-३ (जपानी प्रावीण्य परीक्षेची मधली पातळी) झाली आहे. आमच्या वाचनगटात पुढच्या महिन्यात जपानी मांगा (चित्रकथा) काढणाऱ्या मोतो हागिओ यांच्यावर बोलायचं मी कबूल केलंय.

१९४९ साली ओमुता इथे जन्मलेल्या हागिओंचं पहिलं काम १९६९ मध्ये छापून आलं. मुलींसाठीचं मांगा म्हणजे हलकंफुलकं वाचन, असा समज तेव्हा होता. १९७० च्या सुमारास तोक्योतल्या ओइझुमी भागात त्या चित्रकर्ती केइको ताकेमिया यांच्यासोबत राहत होत्या, आणि त्या लहानशा घरी इतर तरुण चित्रकर्तींची ये-जा असे. पुढे ‘पो नो इचिझोकु’ आणि ‘जूइचिनिन इरु!’ यांना १९७६ चा शोगाकुकान मांगा पुरस्कार मिळाला. एक पिशाच्चकथा, दुसरी अंतराळकथा!

मला खरी ओढ लावली ती ‘हान्शिन’ने (१९८४). जेमतेम सोळा पानं. दोन सयामी जुळ्या बहिणी. एक हुशार पण वाळलेली, दुसरी देखणी पण मतिमंद. शस्त्रक्रियेनंतर हुशार बहीण जगते आणि हळूहळू दुसरीसारखीच दिसू लागते. इंग्रजीत वाचून दोन दिवस दुसरं काही सुचलं नाही.

तर विचारायचं असं: माझ्या पातळीला ‘हान्शिन’ मूळ जपानीत झेपेल का? कांजीवर (चिनी चित्रलिपीतल्या अक्षरांवर) फुरिगाना, म्हणजे उच्चार दाखवणारी छोटी अक्षरं, असलेली आवृत्ती कुणी पाहिली आहे का? पुण्या-मुंबईत कुणाकडे प्रत असेल तर आठवड्यापुरती मिळेल का? जपून वापरून परत करीन. आणि ‘शोजो मांगा’ला मराठीत तुम्ही काय म्हणाल? ‘मुलींची चित्रकथा’ म्हटलं की हागिओंचं काम त्यात मावत नाही असं वाटतं.