पगारावर कर दर महिन्याला, वारशावर कधीच नाही. वारसा कर परत आणायला नको का?

फॉर्म सोळा

आपल्याकडे कराची चर्चा निघाली की ती दोनच ठिकाणी जाऊन अडते: काळा पैसा आणि शेतकरी. मला तिसऱ्याच गोष्टीबद्दल बोलायचंय. एक रुपयाही न लपवता, कायद्याचं एकही कलम न मोडता, ज्याच्याकडे आधीपासून संपत्ती आहे त्याला कर कमी करता येतो. ज्याच्याकडे फक्त पगार आहे त्याला ती सोयच नाही.

2025-26 साठी नव्या करप्रणालीचा हिशेब बघा. करपात्र पगार 1 कोटी असेल, तर अधिभार आणि उपकर धरून साधारण साडेएकोणतीस लाख कर बसतो. दुसऱ्या कोणाला तेवढाच 1 कोटीचा नफा जुने शेअर विकून झाला आणि बाकी काही उत्पन्न नसलं, तर साडेतेरा लाखांच्या आसपास. आणि त्याने शेअर विकलेच नाहीत, नुसते वाढू दिले, घरखर्चाला तेच शेअर तारण ठेवून कर्ज काढलं, तर शून्य. कर्ज म्हणजे उत्पन्न नव्हे, त्यामुळे प्राप्तिकर खात्याला त्यात बघण्यासारखं काही नसतं.

पुढे तो माणूस वारला की सगळं मुलांच्या नावावर होतं. तिथेही कर नाही. हयातीत द्यायचं म्हटलं तरी जवळच्या नातेवाइकाकडून मिळालेल्या भेटीवर प्राप्तिकर नाही, आणि रकमेला वरची मर्यादाही नाही. महाराष्ट्रात राहतं घर किंवा शेतजमीन मुलाला, मुलीला, नातवंडाला बक्षीसपत्राने द्यायची तर मूळ मुद्रांक शुल्क 200 रुपये. मैत्रिणीने मात्र अडचणीत वर्षभरात 50,000 च्या वर दिले आणि ते परत घ्यायचे नसले, तर ती सगळी रक्कम माझं उत्पन्न.

हे कायम असंच नव्हतं. 1953 मध्ये चिंतामणराव देशमुख अर्थमंत्री असताना इस्टेट ड्युटीचा कायदा झाला, म्हणजे मृत्यूनंतर मागे राहिलेल्या मालमत्तेवरचा कर. 1985 मध्ये विश्वनाथ प्रताप सिंहांनी तो रद्द केला. 1957 पासून चालत आलेला संपत्ती कर 2015 च्या अर्थसंकल्पात अरुण जेटलींनी काढला.

दरवर्षीचा संपत्ती कर परत आणा असं मी म्हणत नाही. वारसा कर आणा. प्रत्येक वारसाला 10 कोटींपर्यंत पूर्ण माफी, त्यावरच्या रकमेवर 10 ते 15 टक्के, आणि भरायला हप्ते. तुमचं-माझं घर त्यात येण्याची शक्यताच नाही. विरोध असेल तर कारणांसकट लिहा.

सीए, सांगली

आकडे बरोबर आहेत, निष्कर्ष पटला नाही.

पहिली गोष्ट, 1 कोटीचं उदाहरण निवडलंत म्हणून फरक एवढा मोठा दिसतोय. करपात्र पगार 24 लाख घ्या. कर 3 लाख 12 हजार. शेअरमधून तेवढाच नफा असेल तर 2 लाख 44 हजारांच्या आसपास. शिवाय शेअरधारकाच्या हातात काही येण्याआधी कंपनीने स्वतःच्या नफ्यावर 25 टक्क्यांच्या घरात कर भरलेला असतो. तो हिशेबात धरायचा नाही का?

दुसरी गोष्ट. वारशात कर माफ होत नाही, पुढे ढकलला जातो. वडिलांनी घेतलेले शेअर मुलाने विकले तर खरेदीची किंमत वडिलांचीच धरतात, फार जुनी मालमत्ता असेल तर 1 एप्रिल 2001 ची. अमेरिकेत मृत्यूच्या दिवशीचा भाव खरेदीची किंमत होते आणि तोवरची सगळी वाढ करातून सुटते. आपल्याकडे तसं नाही.

तिसरी गोष्ट म्हणजे इतिहास. इस्टेट ड्युटीतून वर्षाला जेमतेम 20 कोटी येतात आणि वसुलीचा खर्च त्या मानाने फार आहे, हे 1985 च्या अर्थसंकल्पातच सांगितलं होतं. संपत्ती करातून 2013-14 मध्ये सगळ्या देशातून 1,008 कोटी आले. त्याऐवजी जेटलींनी 1 कोटीवरच्या उत्पन्नावर 2 टक्के जादा अधिभार लावला आणि त्यातून 9,000 कोटींचा अंदाज धरला. स्वीडनसारख्या देशानेही वारसा कर सोडला आणि 2007 मध्ये संपत्ती करही.

कर चुकवणं वेगळं आणि कायद्याने दिलेली सवलत घेणं वेगळं. तुम्ही पीपीएफमध्ये पैसे भरता तेव्हा काय करता?

फॉर्म सोळा

सवलत घेणाऱ्याला मी दोष देतच नाहीये. सवलत कोणाला घेता येते, हा माझा प्रश्न आहे. पीपीएफला वर्षाला दीड लाखाची मर्यादा आहे. वारशाला कसली आहे?

1,008 कोटींचं म्हणाल, तर ते कमी का आले तेही सांगा. 1993 पासून संपत्ती करातून शेअर वगळले होते. उरलं काय? दागिने, गाड्या, जादा घरं, शहरातले मोकळे भूखंड. श्रीमंतांची संपत्ती ज्या रूपात वाढते तेच रूप आधी बाहेर काढायचं आणि मग कर गोळाच होत नाही म्हणून तो रद्द करायचा, हा त्या कराविरुद्धचा पुरावा होत नाही.

आणि “पुढे ढकलला जातो” हे मान्य, पण कधीपर्यंत? घराण्याच्या ताब्यातल्या कंपनीचे शेअर तीन-तीन पिढ्या विकले जात नाहीत. या ढकलण्यावर व्याज नाही. मी अग्रिम कर वेळेवर भरला नाही तर महिन्याला 1 टक्का व्याज लागतं.

मुळशीकर

चर्चा शेअरभोवतीच फिरतेय. आमच्याकडे संपत्ती म्हणजे जमीन, आणि खरी सूट तिथे आहे.

ग्रामीण शेतजमीन ही प्राप्तिकर कायद्याच्या नजरेत भांडवली मालमत्ताच नाही. 10 लाखांवर लोकवस्ती असलेल्या महापालिकेच्या हद्दीपासून सरळ रेषेत 8 किलोमीटरच्या बाहेर जमीन असली, की ती कितीलाही विका, त्या नफ्यावर कर नाही. लहान शहरांसाठी अंतर 6 आणि 2 किलोमीटर. आमच्या भागात एजंट गिऱ्हाइकाला डोंगर, धरण दाखवण्याआधी मोबाइलवर नकाशा उघडून हे अंतर मोजून दाखवतात. घेणाऱ्याने शेतकरी असल्याचा दाखला कुठून तरी जुळवलेला असतो. उतारावर आंब्याची कलमं लावली जातात. सात-बाऱ्यावर पीक दिसलं पाहिजे ना! चार-पाच वर्षांत रस्ता होतो, जमीन दुसऱ्याला जाते आणि आलेली सगळी रक्कम करमुक्त. त्या कलमांचा आंबा खाल्लेला माणूस मला अजून भेटलेला नाही.

गाय-म्हैस आणि कोंबड्या पाळणाऱ्याचं उत्पन्न शेतीचं नाही, त्याला कर लागू. नर्सरीचं उत्पन्न शेतीचं, मग ती कितीही मोठी असो. शेतीच्या उत्पन्नावर कर असावा की नाही यासाठी 1972 मध्ये प्रा. के. एन. राज यांची समिती झाली होती. तेव्हापासून केंद्रातल्या एकाही सरकारने त्यावर थेट कर लावलेला नाही. आधी ही सूट मोठ्यांसाठी बंद करा, मग वारशाकडे वळा.

द्राक्षबाग, निफाड

आला ना शेवटी शेतकरी मध्ये! मूळ धाग्यात ताईंनी मुद्दाम बाजूला ठेवला होता, तरी तुम्ही ओढून आणलात.

12 लाखांपर्यंत पगारदारालाही आता कर नाही. माझ्यासारख्या बहुतेकांचं निव्वळ उत्पन्न तिथवर पोचतच नाही. एप्रिल छाटणीपासून माल निघेपर्यंत फवारण्या, मजुरी, औषधं. त्या औषधांवर 18 टक्के जीएसटी भरतो आणि त्याचा एक पैसा परत मिळत नाही, कारण माझा माल जीएसटीमुक्त आहे. दुकानदार भरलेला जीएसटी वळता करून घेतो, मी नाही. फुलोऱ्यात अवकाळी आला की घड कुजतात, उरलेल्यावर डावणी रोग येतो, आणि त्या वर्षीच्या तोट्याचं रिटर्न कोणी मागत नाही. शेतकरी कर भरत नाही असं पुन्हा लिहू नका.

मुळशीकरांनी सांगितलेले लोक शेतकरी नाहीत. शेतीचं उत्पन्न 50 लाखांच्या वर दाखवणाऱ्यावर खुशाल कर लावा. आमच्या गावात त्याला कोणी विरोध करणार नाही.

वारसा कराला मात्र माझा ठाम विरोध. ताई, तुमचे 10 कोटी ऐकायला मोठे वाटतात. नाशिकच्या बाजूला रस्त्यालगतच्या जमिनीचा भाव काय चाललाय ते एकदा विचारून बघा. वडिलोपार्जित बारा एकर कागदावर मला कोट्यधीश करतील आणि बँकेत पीककर्ज थकलेलं असेल. मोजणार कशाने? रेडीरेकनरच्या सरकारी दराने? शेतीच्या दराने की बिगरशेतीच्या?

म्हापसेकर

एक माहिती, कारण महाराष्ट्रातल्या बऱ्याच जणांना हे ठाऊक नसतं. गोव्यात पोर्तुगीज नागरी कायद्यामुळे लग्नानंतर नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक धरतात. प्राप्तिकर कायद्यात त्यासाठीच वेगळं कलम आहे. घरभाडं, धंद्याचा नफा, मालमत्ता विकून झालेला नफा दोघांत निम्मा-निम्मा वाटला जातो आणि दोघं आपापल्या टप्प्याने कर भरतात. इतरत्र नवऱ्याने बायकोच्या नावावर पैसे ठेवले तर व्याज पुन्हा नवऱ्याच्याच उत्पन्नात मिळवतात.

पण या वाटणीतून पगार वगळलेला आहे. माझ्या घरात नोकरी मी करतो, बायको घर बघते, आणि माझा पगार सगळा माझाच धरतात. शेजाऱ्याच्या चार खोल्या पर्यटकांना भाड्याने आहेत, त्याचं भाडं निम्मं होतं. संसारात बायकोचा वाटा दोन्हीकडे सारखाच ना? मूळ धाग्याशी या बाबतीत पूर्ण सहमत.

शिरोली एमआयडीसी

आमची फाउंड्री आहे, वडिलांनी उभी केलेली. त्यांच्या पिढीला इस्टेट ड्युटी चांगली आठवते, सगळ्यात वरच्या टप्प्याला दर 85 टक्के होता. माणूस गेलेला, घरात सुतक, आणि पुढे वकिलाकडच्या खेपा.

आमच्या शेअरना बाजार नाही. किंमत ठरणार ताळेबंदावरून: भट्टी, शेड, भूखंड, पडून असलेला माल, गिऱ्हाइकांकडून यायचं येणं. यातलं रोख काय? बँकेची कॅश क्रेडिट, म्हणजे खेळत्या भांडवलाच्या कर्जाची मर्यादा, कायम काठोकाठ वापरलेली असते. कर भरायला आम्ही काय विकायचं? मोठ्या घराण्यांना अडचण नाही, ते थोडे शेअर विकतील किंवा आधीच ट्रस्ट करून ठेवतील. सापडणार आमच्यासारखे मधले, आणि कारखाना बंद पडला तर त्यातले कामगार. हप्ते देऊ म्हणता, पण कराचा हप्ता आणि बँकेचा हप्ता एकाच नफ्यातून जायचा, हे कोणी मोजलंय का?

टोकियोहून

इथे वारसा कर आहे, वरचा दर 55 टक्के. माफी 3 कोटी येन अधिक प्रत्येक वारसामागे 60 लाख येन. मुदत दहा महिने. पण राहत्या घराखालच्या जमिनीला, वारस तिथेच राहणार असेल तर, 330 चौरस मीटरपर्यंत मूल्यांकनात 80 टक्के सूट मिळते. म्हणजे घर मोडावं लागू नये असा कायदा करता येतो. तरीही इथले लोक या करावर खूश आहेत असं समजू नका. माफीची मर्यादा 2015 मध्ये खाली आणल्यापासून मध्यमवर्गही त्यात आलाय.

सीए, सांगली

टोकियोकरांचं शेवटचं वाक्य मूळ लेखिकेने पुन्हा वाचावं. आपला संपत्ती कर शेवटच्या काही वर्षांत 30 लाखांवर लागायचा, आणि ती मर्यादा शेवटपर्यंत तिथेच राहिली. 50 लाखांवरचा 10 टक्के अधिभार 2017 ला आला, तीही रेषा आहे तिथेच आहे. आज 10 कोटी म्हणाल, पुढचं एखादं सरकार मर्यादा तशीच ठेवेल किंवा खाली आणेल, आणि दादर-पार्ल्यातले फ्लॅट आपोआप जाळ्यात येतील. मर्यादा महागाई निर्देशांकाला कायद्यानेच जोडणार असाल, तरच मी यावर पुढे बोलेन. ट्रस्टची पळवाट मात्र तेवढ्याने बुजणार नाही.

फॉर्म सोळा

निर्देशांकाची अट मान्य. ट्रस्टच्या मालमत्तेवर ठरावीक वर्षांनी कर लावायची पद्धत ब्रिटनमध्ये आहे, दर दहा वर्षांनी. ते आपल्याला जमणार नाही असं नाही.

निफाडचे दादा, जमीन शेतीच्याच दराने मोजायची, आणि वारस कसत असेल तोवर कर मागायचाच नाही. बिगरशेती केली किंवा विकली, त्या दिवशी तो घ्यायचा. शिरोलीकर, हाच नियम चालत्या कारखान्याला लावता येईल. पण दोघांच्याही अडचणी खऱ्या आहेत म्हणून नुसते शेअर आणि भाड्याचे पाच-पाच फ्लॅट वारशात घेणाऱ्यालाही सोडून द्यायचं, हे मला मान्य नाही. तुमची अडचण पुढे करून सूट त्यालाच मिळते.

द्राक्षबाग, निफाड

“कसत असेल तोवर” हे कोण ठरवणार? दुष्काळात एक वर्ष रान पडीक ठेवलं तर तलाठ्याने पंचनाम्यात काय लिहायचं? पीक पाहणीत नोंद चुकली म्हणून विमा नाकारलेले लोक आमच्या गावात आहेत. एका नोंदीवर माझ्या पोराच्या जमिनीचा कर ठरणार असेल, तर आधी ती नोंद दुरुस्त करून मिळण्याची मुदत कायद्यात लिहा, दिवसांत. तोवर माझा विरोध कायम आहे.